बडोद्यातून आंतरराष्ट्रीय रग्बी रेफरी होण्याची वाट

हुतूतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापून प्रसिद्ध केले, आणि दांडिया बाजाराच्या आसपासच्या आखाड्यांत वाढलेल्या पिढ्यांनी पंच या माणसाला नेहमीच मान दिला. असे असूनही या शहरातल्या मराठी घरात कोणी "मला रग्बीचा रेफरी व्हायचे आहे" असे म्हटले, की आधी शांतता पसरते आणि मग "म्हणजे ते अंड्यासारख्या चेंडूचे?" असा प्रश्न येतो. त्या प्रश्नाच्या पुढची माहिती ज्यांना हवी आहे, ज्यांचे वय सोळा ते पंचविशीच्या दरम्यान आहे, जे कबड्डी, खो-खो, फुटबॉल किंवा रग्बी खेळले आहेत आणि शनिवार-रविवारच्या सकाळी मैदानावर घालवायला तयार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी स्वतः नोकरी सांभाळून देशांतर्गत सामन्यांपर्यंतच पोहोचलो. त्यामुळे वरच्या पायऱ्यांविषयीचे लिखाण पाहून, वाचून आणि थोरामोठ्या रेफरींच्या शेजारी टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, उभे राहून समजलेले आहे. खालच्या पायऱ्या मात्र माझ्या गुडघ्यांना चांगल्या ठाऊक आहेत.

नियम वाचावेत, पण क्रमाने नव्हे

रग्बी युनियनचे नियम वर्ल्ड रग्बी ही संस्था ठरवते. १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ म्हणून स्थापन झालेली ही संस्था २०१४ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते, तिचे मुख्य कार्यालय डब्लिनला आहे आणि नियमांचे पुस्तक तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. नियम एकूण २१ आहेत. पहिले पाच मैदान, चेंडू, संघ, पोशाख आणि वेळ यांचे असून ते सोपे असल्यामुळे नवखा वाचक तिथेच रमतो आणि चौदाव्या नियमाशी पोहोचेपर्यंत थकतो. माझ्या मते सुरुवात चौदाव्यापासूनच करावी, कारण तो टॅकलचा, म्हणजे चेंडूधारकाला पकडून जमिनीवर आणण्याचा, नियम आहे. त्यानंतर पंधरावा रकचा, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने होणाऱ्या झटापटीचा, दहावा ऑफसाइडचा, म्हणजे खेळाच्या पुढे चुकीच्या जागी उभे राहण्याचा, सातवा अ‍ॅडव्हांटेजचा आणि नववा धोकादायक व गैरवर्तनाच्या खेळाचा. एवढे पाच पक्के झाले की सामन्यातले बहुतेक निर्णय हाताखाली येतात. सहावा नियम सामनाधिकाऱ्यांचा आहे आणि त्यात रेफरी हाच सामन्यादरम्यान वस्तुस्थितीचा व नियमांचा एकमेव निर्णायक असल्याचे म्हटले आहे. हे वाक्य पाठ करावे, पण मिरवू नये.

पुस्तक इंग्रजीतूनच वाचावे लागते, कारण मैदानावरच्या हाका आणि पुढच्या सगळ्या परीक्षा इंग्रजीत असतात. तरीही प्रत्येक नियम घरातल्या एखाद्या कबड्डीपटूला मराठीत समजावून सांगून पाहावा. कबड्डीत मध्यरेषा चुन्याने आखलेली असते आणि ती हलत नाही. रग्बीत ऑफसाइडची रेषा कुठेही आखलेली नसते, ती रक तयार होताच जन्माला येते, त्या रकमधल्या आपल्या शेवटच्या खेळाडूच्या मागच्या पायातून जाते आणि रक मोडला की नाहीशी होते. एवढे समोरच्याच्या गळी उतरवता आले नाही, तर आपल्यालाच ते नीट समजलेले नाही असे खुशाल मानावे.

वर्ल्ड रग्बीच्या प्रशिक्षण संकेतस्थळावर नियमांची परीक्षा, सुरक्षित खेळाची पूर्वतयारी आणि मेंदूला बसलेल्या धक्क्याची ओळख असे अभ्यासक्रम घरबसल्या, पैसे न भरता पूर्ण करता येतात. तिन्हींची प्रमाणपत्रे हाती घेऊनच राज्य संघटनेकडे जावे. त्यानंतरचा पहिल्या पातळीचा रेफरी अभ्यासक्रम मात्र मैदानावर, प्रशिक्षकासमोर, शिट्टी हातात घेऊनच होतो.

टॅकलचे तीन सेकंद

रेफरीची खरी परीक्षा टॅकलच्या जागी होते. चेंडूधारक पकडला जाऊन जमिनीवर आला, की पुढच्या दोन-तीन सेकंदांत किमान तीन-चार माणसांची कर्तव्ये एकदम सुरू होतात, आणि सगळीकडे एकाच वेळी पाहणे कोणालाही शक्य नसते. म्हणून पाहण्याचा क्रम ठरवून ठेवावा लागतो. आधी टॅकल करणारा: त्याने हात सोडले का आणि तो बाजूला सरकला का? मग पडलेला चेंडूधारक: त्याने चेंडू लगेच मोकळा केला का, की पोटाखाली दाबून ठेवला? त्यानंतर येणारे: ते आपल्या बाजूने, म्हणजे मागून आले का, आणि स्वतःच्या पायांवर उभे आहेत का? दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू जमिनीवरच्या चेंडूवर उभा राहून एकमेकांना भिडला, की त्याचा रक होतो आणि हाताने चेंडू उचलण्याची मुभा संपते. मात्र रक होण्यापूर्वीच ज्याचे हात चेंडूवर पोहोचले होते, त्याला ते काढायला सांगता येत नाही. क्रम चुकला की निकाल उलटा लागतो: टॅकल करणारा अडून बसल्यामुळे चेंडू बाहेर येत नसेल आणि आपली नजर थेट चेंडूधारकावर गेली असेल, तर शिक्षा निरपराध्याला होते.

माझा पहिला सामना सेव्हन्सचा होता, म्हणजे सात-सात खेळाडूंचे संघ आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदानाच्या कडेला चिंचेचे झाड होते आणि त्याखाली आमचे ज्येष्ठ रेफरी बसले होते. सामना संपल्यावर त्यांनी मला बोलावले, ओंजळभर चिंचोके माझ्या हातात ठेवले आणि मोजायला सांगितले. ते सव्वीस भरले. मी जितक्या वेळा शिट्टी वाजवली होती तितके ते चिंचोके होते. "यातले गरजेचे किती होते ते वेगळे काढ," ते म्हणाले. मी आठवून आठवून अकरा बाजूला ठेवले आणि त्यातलेही दोन त्यांनी परत ढिगात टाकले. प्रत्येक वेळी नियमभंग झाला होता हे खरे होते, पण सतरा वेळा त्या नियमभंगाचा खेळावर काहीही परिणाम झालेला नव्हता: चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचला होता आणि मी इकडे आडवा पडलेला पाय मोजत होतो.

चिंचोक्यांच्या त्या ढिगातून जे शिकलो ते असे. नियमभंग दिसला की मनात तीन गोष्टी तपासाव्यात: कोणाला इजा होण्याचा धोका आहे का, विरुद्ध संघाची संधी हिरावली गेली का, आणि हे आत्ता सोडले तर पुढच्या पाच मिनिटांत सगळेच तसे करू लागतील का. तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर शिट्टीऐवजी तोंड वापरावे. "रोल अवे", "हँड्स ऑफ", "यूज इट" या हाका लहान, स्पष्ट आणि वेळेवर दिल्या, तर निम्मे गुन्हे घडण्याआधीच थांबतात. बडोद्याच्या मैदानावर गुजराती, हिंदी आणि मराठीत ओरडून काम भागते, पण सवय इंग्रजी हाकांचीच लावावी. ढाक्याच्या किंवा दोहाच्या मैदानावर "बाजूला हो रे" कोणाला कळणार नाही.

अ‍ॅडव्हांटेजचा नियम याच विचाराचे लेखी रूप आहे. गुन्हा झाला तरी विरुद्ध संघाला त्यातून भूभागाचा किंवा डावपेचाचा खरा फायदा मिळत असेल, तर खेळ चालू ठेवावा, त्या संघाकडे कमरेच्या उंचीवर हात लांब करून ठेवावा आणि फायदा मिळाला नाही तर मूळ जागी परत यावे. पेनल्टीच्या गुन्ह्यानंतर अधिक वेळ थांबावे, नॉक-ऑननंतर, म्हणजे चेंडू हातातून पुढे निसटल्यावर, कमी. हात लांब केल्यावर तो विसरून पळत राहणारे रेफरी मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

स्क्रम, आणि आकडेमोडीचा एक धडा

स्क्रमबद्दल, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत बांधून घेऊन चेंडूसाठी रेटा देतात त्या रचनेबद्दल, इथे थोडक्यात लिहितो, कारण आपल्याकडच्या सेव्हन्समध्ये तीन-तीनच खेळाडूंचा स्क्रम असतो आणि आठ-आठांच्या स्क्रमचे मर्म पुढच्या रांगेत खेळलेल्या माणसाकडूनच शिकावे लागते. "क्राउच, बाइंड, सेट" या तीन हाकांत घाई करू नये, पहिल्या रांगेच्या बांधणीकडे आणि पाठीच्या रेषेकडे पाहावे, आणि एकोणीस वर्षांखालील सामन्यात दीड मीटरहून अधिक रेटा होऊ देऊ नये. मानेची दुखापत जन्मभराची असू शकते.

सोपा म्हणून वगळलेला तिसरा नियम, म्हणजे संघाचा, किती महाग पडू शकतो ते मात्र सांगायला हवे. फेब्रुवारी २०२२ मध्ये डब्लिनला सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेतला आयर्लंड विरुद्ध इटली सामना जॉर्जियाच्या निका अमाशुकेली यांच्याकडे होता. इटलीचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध असणारा खेळाडू, जखमी होऊन बाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या हुकरला उंच टॅकलबद्दल लाल कार्ड मिळाले. त्या जागेवर खेळणारा प्रशिक्षित खेळाडू उरला नाही म्हणून स्क्रम बिनरेट्याचे करावे लागले, आणि अशा स्थितीला जो संघ कारणीभूत होतो त्याला नियमानुसार आणखी एक खेळाडू कमी करावा लागतो. इटली तेरा खेळाडूंवर आली आणि ५७–६ अशी हरली. हजारो प्रेक्षकांसमोर हा हिशेब रेफरीला तिथल्या तिथे करावा लागतो. जॉर्जिया हा रग्बीतला मातब्बर देश नसतानाही अमाशुकेली तिथपर्यंत पोहोचले, ही गोष्ट बडोद्याच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. स्पेनच्या अल्हाम्ब्रा निएवास यांचे उदाहरण तसेच आहे: २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला महिला सेव्हन्सचा अंतिम सामना त्यांच्याकडे होता.

शरीर आणि बडोद्याचे ऊन

पूर्ण ऐंशी मिनिटांच्या सामन्यात रेफरी साधारण सहा ते सात किलोमीटर धावतो, पण ते अंतर सलग नसते. वीस मीटरची झेप, थांबणे, उलट पावलांनी सरकणे आणि पुन्हा झेप, असा तो प्रकार असतो. म्हणून कमाटीबागेत रोज सकाळी एकाच चालीने घातलेल्या फेऱ्या दमासाठी ठीक असल्या तरी पुरेशा नाहीत. रग्बीत ब्राँको नावाची चाचणी प्रचलित आहे: वीस मीटरवर जाऊन परत, चाळीसवर जाऊन परत, साठवर जाऊन परत, अशी एक फेरी २४० मीटरची होते आणि अशा पाच फेऱ्या न थांबता पूर्ण करायच्या असतात, म्हणजे एकूण १२०० मीटर. त्यासाठी पोलो ग्राउंडच्या एका कडेला चार खुणा पुरतात. सुरुवातीला सात मिनिटे लागली तरी निराश होऊ नये. सहाच्या आत आल्यावर पुढच्या पातळीचा विचार करावा. आंतरराष्ट्रीय रेफरी ती पाच मिनिटांच्या आसपास पूर्ण करतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे सराव साडेसातपूर्वी संपवावा आणि रेफरी या नात्याने आयोजकांशी पाणी पिण्याच्या विश्रांतीबद्दल आधीच बोलून घ्यावे. आणखी एक गोष्ट: सामन्याआधी पाऊण तास मैदान पायी फिरून पाहावे. आपली मैदाने बहुधा फुटबॉलची किंवा क्रिकेटची असतात. मध्येच कडक खेळपट्टी लागते, स्टंपची भोके बुजवलेली नसतात, गोलपोस्टला गादी बांधलेली नसते. अशा वेळी गादी बांधून होईपर्यंत सामना सुरू न करण्याचा अधिकार रेफरीचा आहे आणि तो न संकोचता वापरावा. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढावे आणि त्या दिवशी परत आत घेऊ नये, मग त्याचे वडील टचलाइनवरून काहीही म्हणोत.

पायऱ्या

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना, म्हणजे रग्बी इंडिया, १९९८ पासून काम करते. खेळ इथे त्याहून फार जुना आहे: कलकत्त्याच्या क्लबने विसर्जनाच्या वेळी उरलेले चांदीचे रुपये वितळवून जो करंडक घडवला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही झुंजतात. पण आज आपल्याकडे मुख्यतः सेव्हन्स खेळले जाते, कारण ते ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून आहे आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही आहे. जून २०२५ मध्ये मुंबईला झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच होती. म्हणून बडोद्याहून निघणाऱ्याने सेव्हन्सचा रेफरी होण्याचे ध्येय ठेवणे व्यवहार्य आहे. त्याचे नियम थोडे वेगळे असतात: गुण मिळवणारा संघच पुढचा किक-ऑफ घेतो, कन्व्हर्जन, म्हणजे गुण मिळवल्यानंतरची जादा गुणांची किक, ड्रॉप-किकनेच (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारून) आणि तीस सेकंदांत घ्यावे लागते, पिवळ्या कार्डाला दहाऐवजी दोन मिनिटांची शिक्षा असते. मैदान तेवढेच आणि खेळाडू निम्म्याहून कमी, त्यामुळे रेफरीची दमछाक मिनिटाच्या हिशेबाने अधिक होते.

पहिली दोन वर्षे शाळा-महाविद्यालयांचे सामने मिळतील ते घ्यावेत आणि टचलाइनवर झेंडा घेऊन उभे राहण्याचे काम कमी प्रतीचे समजू नये. शेजारच्या अनुभवी रेफरीच्या हाका तिथूनच ऐकू येतात. पुढे राज्य संघटनेच्या शिफारशीने राष्ट्रीय स्पर्धांसाठी नाव जाते. तिथे निरीक्षक प्रत्येक सामन्याचा लेखी अहवाल देतात, त्यातून आशिया रग्बीच्या स्पर्धांसाठी निवड होते, आणि त्या वरची पायरी वर्ल्ड रग्बीच्या यादीची. निवड अर्ज करून होत नाही, कोणीतरी पाहिल्यामुळे होते. म्हणून आपल्या प्रत्येक सामन्याचे चित्रण मोबाइलवर का होईना करून ठेवावे, त्या रात्रीच ते पाहावे आणि वहीत प्रत्येक शिट्टीपुढे मिनिट, जागा, कारण आणि आपण त्या वेळी कुठे उभे होतो एवढे चार रकाने भरावेत. माझ्या वहीत चौथ्या रकान्यानेच माझे दोष दाखवले: चुकलेल्या निर्णयांपैकी बहुतेक वेळी मी नियम विसरलो नव्हतो, पाच पावले मागे राहिलो होतो.

मुलींनी ही वाट आपली नाही असे समजू नये. स्कॉटलंडच्या हॉली डेव्हिडसन यांनी २०२२ मध्ये ऑकलंडला झालेला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना सांभाळला आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका विरुद्ध पोर्तुगाल हा पुरुषांचा कसोटी सामनाही. भारतात महिला सेव्हन्सच्या स्पर्धा वाढत असताना महिला रेफरींची गरज वाढणारच आहे.

पोटाचा प्रश्न आणि लोकांचा राग

पूर्ण वेळ पगारी रेफरी ठेवणे मोजक्याच देशांच्या संघटनांना परवडते, आणि आपल्याकडे सामन्यामागे भत्ता व प्रवासखर्च यापलीकडे अपेक्षा ठेवून घरच्यांना स्वप्ने दाखवू नयेत. इंग्लंडचे वेन बार्न्स वकील होते आणि विक्रमी १११ कसोटी सामने सांभाळत असतानाही त्यांनी तो व्यवसाय सोडून दिला नाही. वेळेची सवलत देणारी नोकरी, क्रीडाशिक्षकाची किंवा घरच्या धंद्यातली जबाबदारी, हे या वाटेवरचे खरे भांडवल आहे.

बार्न्स यांची कथा आणखी एका कारणासाठी वाचण्यासारखी आहे. ते पंधराव्या वर्षी रेफरी झाले. २००७ च्या विश्वचषकात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कार्डिफला न्यूझीलंड विरुद्ध फ्रान्स या उपांत्यपूर्व सामन्यात एक पुढे गेलेला पास त्यांच्या नजरेतून निसटला, न्यूझीलंड १८–२० ने हरले आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सोळा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पॅरिसला न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका या अंतिम सामन्याची शिट्टी त्यांच्याकडेच होती. न्यूझीलंडच्या कर्णधाराचे पिवळे कार्ड तपासणीनंतर लाल झाले, दक्षिण आफ्रिका १२–११ ने जिंकली, पुन्हा शिव्याशाप सुरू झाले आणि काही दिवसांत बार्न्स निवृत्त झाले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रेग जुबेर यांनी २०११ चा अंतिम सामना सांभाळला होता; २०१५ मध्ये स्कॉटलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया सामन्यात शेवटच्या क्षणी दिलेल्या पेनल्टीवर ऑस्ट्रेलिया ३५–३४ ने जिंकली, आणि तिथे स्क्रम द्यायला हवा होता असे वर्ल्ड रग्बीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. त्या प्रसंगी व्हिडिओ पाहण्याची परवानगी नियमांत नव्हती. आपल्या पातळीवर धमक्या येत नाहीत, पण समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात. सामन्याच्या रात्री त्या वाचू नयेत, उत्तर तर मुळीच देऊ नये. वही भरावी आणि रावपुऱ्यात जाऊन सेवउसळ खावी.

परदेशी शिकायला जाणार असाल तर

ही शेवटची सूचना बडोद्यासाठी खास आहे, कारण इथल्या बऱ्याच घरांतून एक तरी मूल इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा कॅनडाला शिकायला जातेच. त्या देशांत स्थानिक रेफरींच्या संघटना असतात, त्यांना दर शनिवारी रेफरी कमी पडतात आणि नवख्याचे तिथे मनापासून स्वागत होते. इथे वर्षभरात जेवढे पूर्ण पंधरा-पंधरांचे सामने मिळणार नाहीत, तेवढे तिथे दोन-तीन महिन्यांत मिळू शकतात, शिवाय चिखलातला स्क्रम आणि वाऱ्यातला लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकणे) पाहायला मिळतो. निघण्यापूर्वी प्रमाणपत्रे, आपल्या राज्य संघटनेचे शिफारसपत्र आणि निरीक्षकांचे अहवाल एका फाइलमध्ये घ्यावेत, पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या संघटनेला लिहावे आणि सप्टेंबरमध्ये उत्तर गोलार्धातला व मार्चच्या सुमारास दक्षिण गोलार्धातला हंगाम सुरू होतो हे ध्यानात ठेवावे. सामन्याचे मानधन स्वीकारण्याआधी आपल्या व्हिसाच्या कामाविषयीच्या अटी वाचाव्यात. शंका असल्यास मानधन नाकारून फक्त सामना घ्यावा.